वजावटीतली आई

हुरडा पार्टीला ऑफिसचं कुणी बोलायचं नाही, असा ठराव दर हिवाळ्यात बसमध्ये चढताना व्हायचा आणि शेत यायच्या आत मोडायचा. यंदाही तेच झालं. जनुकसंग्रह केंद्राची मंडळी हिंगण्यापलीकडच्या शेतावर उतरली, गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं गेली, आणि पहिली मूठ तोंडात जायच्या आत कुणीतरी सर्व्हर तापल्याची रडकथा सुरू केली. हेमांगी वैरागडे मात्र बांधावर बसलेल्या पोरांकडे बघत होती.

तिघं होती. तिची जुई, चौथीतली. सुकेशिनी मेश्रामचा साकेत, जुईहून थोडा मोठा. आणि विशाखा ठवकरची नुपूर, सगळ्यांत लहान. तिन्ही आया एकाच प्रयोगशाळेत एकाच सुमाराला रुजू झालेल्या. तिन्ही पोरांना सिकलसेल, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून येणारा रक्ताचा आजार, तिघांवर एकाच रुग्णालयात उपचार. त्यामुळे पोरांची गट्टी जमली होती आणि त्यात नवल काहीच नव्हतं.

शेताची मालकीण ताकाचा गडू घेऊन आली आणि पोरांपुढे थबकली.

"तिघंबी एकाच मायची लेकरं काय हो? एका साच्यातून काढल्यासारखी दिसून राहिली."

सगळे हसले. "काकू, चष्मा बदला," सुकेशिनी म्हणाली. "हा माझ्यावर गेला, ती तिच्या मायवर गेली."

आपल्याबद्दल चाललंय हे कळून पोरांनी माना वळवल्या. तिघांनीही एकदम, एकाच बाजूला, डोकं जरासं तिरकं करून. रंग वेगवेगळे होते, अंगकाठी वेगळी होती. पण कपाळाचा उतार, भुवयांमधलं अंतर, ओठ मिटले की हनुवटीवर उठणारी बारीक खळी, सगळं सारखं होतं. हेमांगीच्या घशात हुरडा अडकला आणि तिला ठसका लागला. कुणीतरी तिच्या पाठीवर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जुईला वेणीसाठी पुढ्यात बसवलं. जुईचे केस म्हणजे हेमांगीच्या माहेरची खूण. हेमांगीचे, तिच्या आईचे, मावशांचे, सगळ्यांचे केस असे दाट कुरळे, की कंगव्याचे दात मोडावेत. हेमांगीनं रबर काढलं, केस मोकळे केले आणि तिचा हात थांबला. टोकांना वेटोळी होती. पण वर, टाळूपासून कानापर्यंत, केस सरळसोट उतरत होते. टोकं तिची होती आणि मुळं दुसऱ्याच कुणाची तरी.

"आई, ओढू नको ना!" जुई ओरडली.

"शिरीष, जरा इकडे ये," हेमांगीनं नवऱ्याला हाक मारली. "हिचे केस बघ."

शिरीषनं दाढीचा साबण तोंडावर ठेवूनच पाहिलं. "सरळ झाले की. बरंच झालं, रोजची मारामारी वाचली."

"असे अचानक?"

"पोरं मोठी होताना बदलतात. माझी आत्या लहानपणी निळ्या डोळ्यांची होती म्हणे. तू पण ना, औषध लागू पडलं तर त्यातही खोट शोधतेस."

औषध लागू पडलं होतं हे खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी हीच जुई पाय पोटाशी घेऊन गुरासारखी ओरडायची, आणि शिरीष तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरायचा. आता ती शाळेत खो-खो खेळत होती. हेमांगीनं वेणी घातली आणि स्वतःला म्हणाली की आपलं डोकं फिरलंय. पण ऑफिसात गेल्यावर तिनं चहा न घेताच कणगी उघडली.

कणगी हे केंद्राच्या सॉफ्टवेअरचं नाव. कुणा हौशी माणसानं ते ठेवलं होतं आणि ते अगदी चपखल होतं. डीएनए वाचणारं यंत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जात नाही. ते एखाद्या पोथीच्या हजारो प्रती टराटरा फाडून मिळतील ते तुकडे वाचतं. एका माणसाच्या थेंबभर रक्तातून अशा तुकड्यांचा ढीग निघतो, आणि कोट्यवधी माणसांचे ढीग साठवायचे तर डोंगरही पुरायचे नाहीत. कणगीची सगळी हुशारी जागा वाचवण्यात होती. एखादा तुकडा आधीच कुणाच्या ढिगात असला, तर ती तो पुन्हा ठेवत नसे, नुसती खूण ठेवी की तो अमक्याकडे आहे, तिथून घ्या. तुकडे इतके लांब असत, की प्रत्येकावर ज्याची त्याची लकब असे. हुबेहूब तसाच तुकडा सापडला तर त्याच माणसाचा, नाहीतर त्याच्या रक्ताच्या नातेवाईकाचा.

आणि कणगीत वजावट होती. नमुने हाताळणाऱ्यांची त्वचा झडते, शिंतोडे उडतात, त्यांचे तुकडे भलत्याच्या नमुन्यात मिसळतात. म्हणून केंद्रात रुजू होणाऱ्या प्रत्येकाचं रक्त पहिल्याच दिवशी वाचून ठेवत आणि मग कुठल्याही नमुन्यात त्याचे तुकडे दिसले, की कणगी ते मळ समजून बाजूला काढी. नव्या माणसाच्या एका हातावर पेढा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला सुई, अशी पद्धतच पडली होती. "वजा झालीस का?" असं जुनी माणसं विचारत आणि हसत. हेमांगीही हसली होती. पुढे कणगीची देखभाल तिच्याकडेच आली. वजावटीची यादी ती स्वतःच सांभाळत होती.

तिनं जुईच्या पहिल्या नमुन्याची फाइल काढली, आणि वजावटीत काय गेलं ते पाहिलं.

अर्धी जुई गेली होती.

मग हेमांगीला सगळा घोळ एका क्षणात कळला. जुईचा अर्धा डीएनए बापाकडून आलेला, अर्धा तिच्याकडून. तिच्याकडून आलेला प्रत्येक तुकडा कणगीनं ओळखला, ही तर आपली प्रयोगशाळेतली बाई, असं ठरवलं आणि काढून टाकला. कर्मचाऱ्याचं स्वतःचं मूल कधी रुग्ण म्हणून याच दारातून आत येईल, हे यादी बनवताना कुणाच्या मनातच आलं नव्हतं. स्वयंपाकीण आपल्या हातचं कधी जेवणारच नाही, असं धरून चालल्यासारखं.

नोंद अर्धी सोडून चालत नाही, म्हणून कणगीनं खड्डा भरला. सर्वसाधारण माणसात त्या जागी जे असतं ते तिनं घातलं, आणि तेही आपल्या स्वभावाप्रमाणे, जागा वाचवत. साकेतचा खड्डा ज्या तुकड्यांनी भरला होता, तेच जुईच्या खड्ड्यात टाकले. नवे शोधा, नवे साठवा, एवढी उठाठेव कशाला! नुपूरच्या वेळीही तेच. तीन पोरांच्या नोंदींत आता एकच अर्धं माणूस होतं.

हे तिनं सुकेशिनीला बोलावून दाखवलं तेव्हा सुकेशिनी आधी चिडली.

"म्हणजे? माझ्या पोराच्या फाइलीत मी नाहीच?"

"नाहीस. मी पण नाही. विशाखा पण नाही."

"मग कोण आहे?"

नाती जुळवणं हे कणगीचं जोडकाम होतं. हेमांगीनं तिलाच विचारलं. कणगीनं बिनदिक्कत उत्तर दिलं. तिघांच्या नोंदींत सारखेच, एकाच माणसाचे म्हणावेत असे तुकडे आहेत, त्याअर्थी तिघांची आई एकच. त्या आईला तिनं क्रमांक दिला होता, स्वतंत्र नोंद दिली होती. तिच्या मुलांकडून दर तिमाहीला तिचे ताजे तुकडे येताहेत, म्हणून नोंदीपुढे लिहिलं होतं: जिवंत.

बेवारस मृतदेहांची ओळख पटावी म्हणून नोंदीवरून चेहरा काढायची सोय कणगीत होती. हेमांगीनं नको नको म्हणत ती कळ दाबली. पडद्यावर हळूहळू एक बाई उमटली, चाळिशीतली, सरळ केसांची, शांत. ओळखीची वाटत होती. हनुवटीवर बारीक खळी होती.

सुकेशिनीनं पडद्याकडे पाठ केली. "बंद कर. बंद कर ते."

डॉक्टर उमाळकर म्हणजे रुग्णालयात पोरांना दुरुस्तीच्या औषधाच्या कुप्या देणारे. साठीला आलेला, हळू बोलणारा माणूस. हेमांगीचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तरीच," ते म्हणाले. "जुईच्या रक्तात आजार दोन्ही बाजूंनी दिसत होता आणि तुमच्या नोंदीत एकाच बाजूनं. मला वाटलं, आमचीच तपासणी जुनी. संग्रह चुकेल असं मनातच आलं नाही."

"डॉक्टर, तिचे केस बदलताहेत. चेहरा बदलतोय."

"बदलणारच. कुपी काय करते ठाऊक आहे ना? आधी आम्ही नोंदीतला दोष सुधारतो. मग कुपीतलं औषध पेशीपेशीत शिरून पेशीला त्या नोंदीसारखं करतं. नोंदीत नाही ते सगळं त्याच्या लेखी चूक."

"म्हणजे माझ्याकडून जे तिला मिळालं..."

"हो," डॉक्टर म्हणाले. "ते चूक म्हणून पुसलं जातंय."

हेमांगी म्हणाली, "नोंद मी आजच दुरुस्त करते. वजावटीतलं सगळं परत घालते. मग खऱ्या नोंदीवरून नवी कुपी करा. तेवढा एक दोष सुधारा, बाकी तिचं तिला राहू द्या."

"दोन वर्षांपूर्वी हे कळलं असतं तर तेच केलं असतं. आता तिच्या हाडांतला मगज त्या... त्या दुसऱ्या तुकड्यांवर चालतो. तिचं शरीर त्यांनाच आपलं समजतं. तुमचे तुकडे परत घातले तर ते परके ठरतील आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडेल. मी हे एका मोठ्या माणसात पाहिलंय. तो वाचला नाही."

"आणि नुसत्या कुप्या थांबवल्या तर?"

"तरी अर्ध्या पेशी इकडच्या, अर्ध्या तिकडच्या. त्यांची भांडणं आज ना उद्या लागतील. पुरतं पलीकडे पोचणं हाच सुरक्षित रस्ता आहे, बाई. वाईट वाटतं सांगताना. अजून काही कुप्या, मग गरज संपेल."

पुरतं पलीकडे म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि हेमांगीनं विचारलं नाही. तिला ते आकड्यांतच दिसत होतं. पहिल्या नमुन्यातून अर्धी जुई वजावटीत गेली होती. प्रत्येक कुपीनंतर ताजा नमुना यायचा, आणि दर वेळी वजावटीत कमी जात होतं. शेवटच्या वेळी तर नुसता चिमूटभर मळ निघाला होता. कणगीच्या दृष्टीनं काम छान चाललं होतं, नमुना स्वच्छ होत चालला होता.

दुपारी तिनं सुकेशिनी आणि विशाखाला कॅन्टीनच्या मागच्या कडुनिंबाखाली गाठलं आणि डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. विशाखा तोंडावर पदर घेऊन रडली. सुकेशिनी रडली नाही.

"हे वर कळवायचं का?" हेमांगीनं विचारलं. "कळवलं तर चौकशी बसेल. चौकशी म्हणजे नोंदी गोठवणार, कुप्या बंद. सहा महिने तरी."

"कळवायचं नाही," सुकेशिनी म्हणाली.

"पण सुकेशिनी, पोरं आपली राहणार नाहीत."

"काहून नाही राहणार? साकेत पहिले कसा कळवळे, तू पाहिलं नाही काय? आता धावून राहिला तो. झाडावर चढून राहिला. त्या मशीनले काय विचारतेस त्याची माय कोण म्हणून? मले विचार ना!"

ती तरातरा निघून गेली. तिचं खरं होतं आणि हेमांगीला ते पटलंही. तरी त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तिनं त्या बाईची नोंद पुन्हा उघडली. मुलं: चार, असं तिथं आता लिहिलं होतं. चौथं म्हणजे केंद्रात नव्यानं लागलेल्या एका मुलीचं तान्हं बाळ, त्याचा नमुना नुकताच आला होता आणि कुपी अजून दिलेली नव्हती. हेमांगीनं वजावटीच्या यादीला एक अट घातली, की कर्मचाऱ्याच्या मुलांच्या नमुन्याला ही यादी लावायची नाही. मग तिनं बाळाची नोंद मोडून खऱ्या तुकड्यांनी पुन्हा बांधली. मुलं: तीन, असं झालं. जुई, साकेत आणि नुपूर यांच्या नोंदींना ती अट तिनं लावली नाही. जुईच्या नावाशी कर्सर कितीतरी वेळ उघडझाप करत राहिला, आणि हेमांगीच्या डोळ्यांना धार लागली होती. मग तिनं यंत्र बंद केलं.

घरी ती पूर्वीसारखीच वागत होती, शिरीषलाही तिनं काही सांगितलं नाही. पण आता तिला सगळं दिसायला लागलं होतं. जुई कारल्याची भाजी मागून घेऊ लागली. हेमांगीच्या माहेरी सात पिढ्यांत कुणी कारल्याला तोंड लावलं नव्हतं. जुईच्या अंगाला पूर्वी झोपेत दुधासारखा वास यायचा, तो गेला होता आणि जो आला होता तो वाईट नव्हता, फक्त हेमांगीच्या ओळखीचा नव्हता. लहान मूल परक्या घरी झोपून आलं की त्याच्या कपड्यांना येतो तसा. एकदा जुई आरशासमोर उभी होती आणि आपल्याच चेहऱ्याकडे कुणाची तरी वाट बघितल्यासारखी बघत होती.

"काय गं?"

"काही नाही. मी कुणासारखी दिसते, आई?"

हेमांगीनं तिच्या फ्रॉकचं मागचं बटण लावलं. जुईनं जराशानं कंगवा ठेवला आणि खेळायला पळाली.

पुढच्या कुपीचा दिवस आला. शिरीष कामासाठी परगावी होता. रुग्णालयाच्या दारात पालकांनी आणि मुलानं बोट टेकवायचं, यंत्र दोघांच्या पेशींतलं नातं ताडून बघतं आणि मग आत सोडतं. चोरीचं मूल, भलत्याची सही असले प्रकार पूर्वी झाले होते, म्हणून हा बंदोबस्त. हेमांगीनं दर वेळी बोट टेकवलं होतं आणि हिरवा दिवा लागला होता. या वेळी लाल लागला. पडद्यावर आलं: रुग्णाशी नातं आढळत नाही.

काउंटरवरची परिचारिका नवी होती, पंचविशीतली, आवाजानं गोड. तिनं पुन्हा बोट टेकवायला लावलं. पुन्हा लाल.

"ताई, हिच्या आई नाही आल्या का? आईंची नोंद आहे ना इथं, हयात दाखवतेय. त्या आल्या तर लगेच होईल."

हेमांगीच्या पिशवीत जन्मदाखला होता, शाळेचा दाखला होता, जुईला पहिल्यांदा हातात घेतल्याचा फोटो फोनमध्ये होता. यातलं एक जरी तिनं पुढे केलं असतं तरी ती जुईची आई ठरली असती. आणि मग ही गोड आवाजाची मुलगी गोंधळून साहेबांना फोन करणार, साहेब केंद्राला विचारणार, नोंद गोठणार, कुपी परत फ्रीजमध्ये जाणार. जुईनं तिचं बोट धरलं होतं. तिचा तळवा उबदार होता आणि नाडी नीट चालली होती. हेमांगीनं पिशवीची चेन लावली.

"त्यांना नाही जमलं यायला," ती म्हणाली. "त्यांनी मला पाठवलंय."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी सांभाळते हिला. लहानपणापासून."

परिचारिकेनं जुईकडे पाहिलं. "हो का गं? तू ओळखतेस ना यांना?"

रिक्षात हेमांगीनं जुईला एवढंच सांगितलं होतं, की आज मी काही बोलले तर तू हो म्हण, घरी गेल्यावर सगळं सांगीन. पोर अडखळेल, रडेल, आईकडे बघेल, असं तिला वाटलं होतं. जुई अडखळली नाही.

"हो," ती म्हणाली. "आमच्याकडेच असतात त्या."

इतकं सहज, इतकं नीट बोलली ती. परिचारिकेनं 'सोबतची व्यक्ती' अशी खूण केली, हेमांगीची सही घेतली आणि जुईचा हात आपल्या हातात घेतला.

"सोबतच्यांना आत नाही सोडत हं. तुम्ही इथं बाकावर बसा. दहा मिनिटांत आणते हिला."

दार लागलं. हेमांगी बाकावर बसली. आतून परिचारिकेचं लाडीगोडीचं बोलणं ऐकू येत होतं, मग ट्रेचा आवाज आला.

"आई गं!" आतून जुई ओरडली.

हेमांगी ताडकन उठली, दाराच्या मुठीपर्यंत तिचा हात गेला. ही हाक आपल्याला की पडद्यावरच्या त्या बाईला, हे तिला कळेना. मूठ फिरवली असती तर दार उघडलं असतं. तिनं हात मागे घेतला.

दार किलकिलं झालं आणि परिचारिकेनं डोकं बाहेर काढलं. "झालं, झालं. घाबरू नका, सुई टोचली की सगळेच तसं ओरडतात," ती हसून म्हणाली. "आईंना कळवा, सगळं व्यवस्थित झालं म्हणून."

"कळवते," हेमांगी म्हणाली आणि परत बाकावर जाऊन बसली.